प्रवाळभित्तीवरचे चुनेदार स्पंज: स्पिक्यूल पाहून प्रजातीपर्यंत कसं पोहोचायचं?

प्रश्न: रीफ_नोंदवही

नमस्कार मंडळी. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभित्तीच्या उतारावरचे तीन नमुने ओळखायचे आहेत. तिन्ही कपारीत किंवा मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांखाली, सावलीत होते. खोली साधारण ८ ते १५ मीटर.

(अ) लिंबासारखा पिवळा, मांसल गोळा, ४ सेंमी. वर एक मोठं ऑस्क्युलम (पाणी बाहेर पडण्याचं तोंड). हाताला किंचित खरखरीत.
(आ) पांढऱ्या बारीक नळ्यांची जाळी, २ सेंमी. नळ्या एकमेकींत गुंतलेल्या. हात लावला की चुरगळते.
(इ) फुलदाणीच्या आकाराचा, १२ मिमी उंच. तोंडाशी काचेच्या तंतूंसारखी झालर, बाहेरून केसाळ.

छोटा तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये टाकला की तिन्हींचे स्पिक्यूल (सांगाड्याचे सूक्ष्म तुकडे) फसफसून विरघळतात. तीन भुजांचे स्पिक्यूल तिन्हींत आहेत, चार भुजांचे थोडे (आ) आणि (इ) मध्ये दिसले, सुईसारखे फक्त (इ) मध्ये. प्रश्न असे:

१. ॲसिडमध्ये विरघळले एवढ्यावर हे चुनेदार स्पंज धरायचे का?
२. (आ) चे तीन भुजांचे स्पिक्यूल क्रॉस्ड पोलरायझरखाली (एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवण-गाळण्यांमध्ये) आडवे पडलेले असताना जवळजवळ काळे दिसतात. कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक) चमकायला हवं ना?
३. स्पिक्यूलच्या प्रकारांची यादी तयार आहे. तिच्यावरून प्रजाती (जीनस, जिच्याखाली अनेक जाती येतात) ठरवता येईल का?

उत्तर १: कॅल्साइट_भिंग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तेवढं पुरत नाही. भित्तीवर ॲसिडमध्ये फसफसणारं खूप काही असतं. स्पंजात अडकलेली प्रवाळाची वाळू फसफसते, ऑक्टोकोरलचे (मऊ प्रवाळ वगैरेंचे) स्क्लेराइट, म्हणजे सांगाड्याचे कण, फसफसतात. सर्वात जास्त फसवतात त्या डिडेम्निड गटातल्या वसाहती करणाऱ्या ॲसिडियन (स्पंज नसलेले समुद्री प्राणी). पांढऱ्या-पिवळ्या पातळ थरासारख्या पसरतात आणि वर मोठी छिद्रं असल्यामुळे थेट स्पंज वाटतात. त्यांच्याकडेही कॅल्शियम कार्बोनेटचे स्पिक्यूल असतात, पण ते अनेक टोकांच्या चांदणीसारखे गोळे असतात. नीट तीन भुजा एका बिंदूतून निघालेल्या तिथे कधीच दिसणार नाहीत. तुमच्या तिन्हींत तीन भुजांचे स्पिक्यूल आहेत, त्यामुळे ही शंका संपली.

उलट बाजूचीही एक फसगत लक्षात ठेवा. भित्तीच्या गुहांमध्ये ॲस्ट्रोस्क्लेरा विलेयाना नावाचा नारिंगी, दगडासारखा कडक स्पंज मिळतो. त्याचा तळाचा सांगाडा ॲरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप), म्हणजे ॲसिडमध्ये जोरात फसफसतो. पण स्पिक्यूल सिलिकाचे आणि स्पंज डेमोस्पंज या वेगळ्या वर्गातला. म्हणून नुसतं फसफसणं पाहू नका. सूक्ष्मदर्शकाखाली कव्हरस्लिपच्या कडेला सौम्य ॲसिडचा एक थेंब सोडा आणि *स्पिक्यूल स्वतः* झिजतोय का ते पाहा. काही स्पिक्यूल जसेच्या तसे राहिले तर ते बहुधा शेजारच्या डेमोस्पंजमधून आलेले असतात. भित्तीवर स्पंज एकमेकांना चिकटून वाढतात, तेव्हा असं होणारच.

आता दुसरा प्रश्न, आणि तो फार चांगला आहे. तुमचा पोलरायझर बरोबर सांगतोय. चुनेदार स्पंजाचा प्रत्येक स्पिक्यूल प्रकाशाच्या दृष्टीने कॅल्साइटच्या एका स्फटिकासारखा वागतो, भुजा कितीही असोत. कॅल्साइटमध्ये एक दिशा अशी असते की तिच्या रेषेत जाणाऱ्या प्रकाशाचं दुहेरी अपवर्तन होत नाही. तिन्ही भुजा सारख्या आणि तिन्ही कोन सारखे अशा ट्रायॲक्टिनमध्ये (तीन भुजांच्या स्पिक्यूलमध्ये) ही दिशा भुजांच्या प्रतलाला काटकोनात असते. असा स्पिक्यूल स्लाइडवर सपाट पडला की प्रकाश नेमका त्याच दिशेने जातो आणि तो काळा दिसतो. पडताळायचं असेल तर वाळलेले स्पिक्यूल इमर्शन तेलाच्या थेंबात घ्या आणि कव्हरस्लिप सुईने हलकेच सरकवा. स्पिक्यूल कलंडला की चमकेल. सिलिकाचा असता तर कसाही फिरवला तरी काळाच राहिला असता.

म्हणजे तुम्हाला जी अडचण वाटली तो पुरावा आहे. सपाट पडलेले बहुतेक ट्रायॲक्टिन काळे दिसत असतील, तर (आ) कॅल्सिनिया उपवर्गातला (चुनेदार स्पंजांच्या दोन उपवर्गांपैकी एक, दुसरा कॅल्कॅरोनिया) असण्याची शक्यता मोठी आहे. (इ) ची स्लाइड त्याच जोडणीत ठेवा. तिथले ट्रायॲक्टिन सपाट असूनही चमकताना दिसतील असा माझा अंदाज आहे, कारण कॅल्कॅरोनियात ही दिशा सहसा भुजांच्या प्रतलाशी तिरकी असते.

उत्तर २: छेद_आणि_थर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल स्पष्ट लिहितो. नुसत्या यादीवरून प्रजाती ठरवू नका. जर्मन प्राणीशास्त्रज्ञ हेकेलने १८७२ मध्ये नेमकं तेच केलं होतं. पाण्याच्या मार्गांचे तीन प्रकार आणि स्पिक्यूलच्या सात जुळण्या धरून त्याने २१ प्रजातींचा चौकोनी तक्ता मांडला. दिसायला सुबक, पण नातं नसलेले स्पंज एका घरात आले आणि नात्यातले वेगळे पडले. चुनेदार स्पंजांकडे स्पिक्यूलचे मूळ प्रकार मोजकेच आहेत: दोन भुजांचे डायॲक्टिन, तीन भुजांचे ट्रायॲक्टिन, चार भुजांचे टेट्रॲक्टिन. त्यामुळे कोणता स्पिक्यूल आहे यापेक्षा तो भिंतीच्या कोणत्या थरात आहे आणि त्याची कोणती भुजा कुठे वळली आहे, हे जास्त सांगून जातं. ब्लीच केलेल्या स्लाइडवर ही माहिती कायमची गेलेली असते. म्हणून दोन कामं समांतर करा: सुटे स्पिक्यूल आणि छेद.

सुटे स्पिक्यूल. नायट्रिक ॲसिड बाजूला ठेवा, ते सिलिकावाल्या स्पंजांसाठी. इथे साधं ब्लीच, म्हणजे ४–५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. ते अल्कधर्मी असल्यामुळे कॅल्साइटला धक्का लागत नाही. नमुना अल्कोहोलमधला असेल तर तुकडा आधी पाण्यात दोनदा खळबळून टिपकागदावर टिपा. अल्कोहोल आणि ब्लीच एकत्र आले की मिश्रण तापतं, फेसाळतं आणि त्यात क्लोरोफॉर्मही तयार होतं. आणि ज्या नळीत ॲसिड होतं तिच्यात ब्लीच कधीही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो.

२–३ मिमीचा तुकडा घ्या, पण बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या पोकळीपर्यंतची अख्खी जाडी त्यात आली पाहिजे. लहान नळीत १ मिली ब्लीच घाला. (आ) सारखी नाजूक जाळी काही मिनिटांत सुटते, (अ) ला अर्धा तास लागू शकतो. मग १५ मिनिटं नळी न हलवता उभी ठेवा, वरचं पाणी पिपेटने काढा, डिस्टिल्ड वॉटर घाला. असं पाच वेळा. नंतर ९६ टक्के अल्कोहोलने दोनदा.

चुका इथेच होतात. घाईने पाणी उपसलं की मोठे स्पिक्यूल तळाशी राहतात आणि बारीक डायॲक्टिन किंवा लहान टेट्रॲक्टिन वाहून जातात. मग 'या जातीत टेट्रॲक्टिन नाहीत' अशी खोटी नोंद होते. धुणं कमी पडलं तर स्लाइडवर मिठाचे चौकोनी स्फटिक उमटतात. आणि स्पिक्यूल डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून ते किंचित आम्लधर्मी होतं. टोकं बोथट होतात, बारीक काटे पुसले जातात. तेव्हा त्याच बैठकीत अल्कोहोलपर्यंत न्या, थेंब स्लाइडवर पूर्ण वाळू द्या आणि कॅनडा बाल्सममध्ये बसवा.

छेद. दुसरा तुकडा ॲसिड फुक्सिनने रंगवा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून झायलीनपर्यंत न्या, पॅराफिनमध्ये बसवा आणि नव्या ब्लेडने हाताने जाडसर छेद घ्या. मायक्रोटोमचे फार पातळ छेद या कामाला उलट नडतात, कारण लांब भुजा तुटतात आणि कोणती भुजा कोणत्या स्पिक्यूलची ते कळेनासं होतं. एक छेद भिंतीला आडवा घ्या, एक बाहेरच्या पृष्ठभागाला समांतर आणि एक आतल्या पोकळीच्या बाजूला समांतर. तीनही हवेत.

उत्तर ३: कॅल्साइट_भिंग

वरच्या उत्तराला जोडून, मोजणीबद्दल. 'तिन्ही कोन सारखे' हे ठरवताना फार लोक फसतात. स्पिक्यूल बराच कलला असेल तर १२० अंशांचा कोन ११० किंवा १३० दिसू शकतो. ४०० पट मोठेपणावर तिन्ही भुजांची टोकं *एकाच वेळी* फोकसमध्ये आहेत असेच स्पिक्यूल मोजायला घ्या. एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर असेल तर तो सोडून द्या. दर प्रकाराचे किमान २०, शक्यतो ३० मोजा: भुजेची लांबी टोकापासून मुळापर्यंत, जाडी मुळाशी. किमान, सरासरी आणि कमाल अशा तिन्ही नोंदी ठेवा. भुजा शंकूसारखी निमुळती आहे की दंडगोल, टोक अणकुचीदार की बोथट, हेही लिहा. क्लॅथ्रिना या गुंतलेल्या नळ्यांच्या प्रजातीतल्या जाती वेगळ्या करताना या दोन शब्दांवर बरंच अवलंबून असतं.

आणखी एक सापळा. कॅल्सिनियातसुद्धा ऑस्क्युलमच्या कडेचे ट्रायॲक्टिन ताणल्यासारखे, एक भुजा वेगळी असलेले असू शकतात. नमुन्याचा तुकडा तिथून घेतला तर कॅल्सिनियाला कॅल्कॅरोनिया ठरवून मोकळे व्हाल. ऑस्क्युलम, मध्य आणि बूड यांच्या तीन वेगळ्या नळ्या करा आणि उपवर्गाचा निर्णय मधल्या भागावरून घ्या.

उत्तर ४: छेद_आणि_थर

आता तुमच्या तीन नमुन्यांकडे येऊ.

उपवर्गाची विभागणी बिडरने १८९८ मध्ये केली. ती कशाभिकायुक्त (चाबकासारखा धागा असलेल्या) कॉलर पेशींच्या केंद्रकावरून केलेली आहे. कॅल्सिनियात केंद्रक पेशीच्या तळाशी असतं, कॅल्कॅरोनियात वर, कशाभिकेच्या मुळाशी जोडलेलं. अळीही वेगळी: कॅल्सिनियात पोकळ आणि सर्व बाजूंनी कशाभिका असलेली, कॅल्कॅरोनियात अर्धा भाग कशाभिकांचा आणि अर्धा मोठ्या पेशींचा, जिला ॲम्फिब्लास्टुला म्हणतात. हे पाहायला वेगळं स्थिरीकरण लागतं, म्हणून रोजच्या कामात ट्रायॲक्टिनच्या सममितीवर भर देतात.

(अ): मांसल पिवळा गोळा, सगळीकडे एकाच धाटणीचे सारख्या भुजांचे ट्रायॲक्टिन, बाहेरचा थर आणि आतला भाग यांत स्पिक्यूलचा फारसा फरक नाही, असं निघालं तर ल्युसेटा. हिंदी-प्रशांत भागातला नमुना असेल तर ल्युसेटा चागोसेन्सिस हे पहिलं नाव डोक्यात येतं. डेंडीने १९१३ मध्ये चागोस बेटांच्या नमुन्यांवरून ती वर्णिली. दोन गोष्टी तपासा. पहिली: नेहमीच्या स्पिक्यूलमध्ये विखुरलेले अर्ध्या मिलिमीटरहून लांब भुजांचे राक्षसी ट्रायॲक्टिन आहेत का? असतील तर ल्युसेटा मायक्रोरॅफिससारख्या जातीकडे वळा. दुसरी: बाहेरच्या थराखाली पाणी घेण्याच्या मोकळ्या पोकळ्या आडव्या छेदात दिसतात का? दिसल्या तर पेरिकॅरॅक्स या प्रजातीचा विचार करा. तो हाताला जास्त करकरीत लागतो. तुम्ही 'किंचित खरखरीत' लिहिलंय, तेवढ्यावरून निर्णय होत नाही.

(इ): सायकॉन वाटतो, पण त्याच्यासारखे दिसणारे बरेच आहेत. बाहेरून पाहताना प्रत्येक अरीय (मध्यापासून बाहेर जाणाऱ्या) नळीचं टोक सुटं, शंकूसारखं वर आलेलं आणि त्यावर डायॲक्टिनचा झुपका असेल तर सायकॉन. नळ्यांची टोकं आडव्या स्पिक्यूलच्या अखंड थराने झाकलेली असतील तर ग्रँटिया. त्या थरात लांबीच्या दिशेने मोठाले डायॲक्टिन रांगेत असतील तर उटे. थराखाली असे ट्रायॲक्टिन असतील की जोडीतल्या दोन भुजा असमान आहेत आणि त्यांतली लांब भुजा आत वळली आहे, तर हेटेरोपिया, ग्रँटेसा, सायसेटुसा यांचा गट. हे स्पिक्यूल सुट्या स्लाइडवर नुसते वेडेवाकडे दिसतात, छेदातच त्यांचा अर्थ लागतो. आणि थरातल्या मोठ्या टेट्रॲक्टिनची चौथी भुजा भिंतीत खोल शिरली असेल तर अँफोरिस्कसच्या कुळाकडे जा.

तुम्ही 'बाहेरून केसाळ' म्हणताय. झुपके वेगवेगळे आहेत की केस सरसकट पसरलेले आहेत, हे भिंगाखाली पाहून लिहाल का? तेवढ्याने अर्धं काम होईल.

रीफ_नोंदवही

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. (इ) चे झुपके वेगवेगळे आहेत, प्रत्येक एका लहान शंकूवर. आडव्या छेदात बाहेरचा अखंड थर नाही. पोलरायझरखाली त्याचे सपाट ट्रायॲक्टिन चमकतात. (अ) मध्ये राक्षसी स्पिक्यूल सापडले नाहीत, थराखाली पोकळ्याही नाहीत. अडलंय ते (आ) वर. टेट्रॲक्टिन आहेत, पण ट्रायॲक्टिनच्या मानाने कमी. याला क्लॅथ्रिना म्हणावं का?

उत्तर ५: जनुक_आणि_जाळी

(इ) सायकॉन, हरकत नाही. (आ) बद्दल: टेट्रॲक्टिन खरोखर त्याच स्पंजाचे असतील तर आजच्या अर्थाने क्लॅथ्रिना नाही.

पूर्वी गुंतलेल्या नळ्यांची जवळपास कुठलीही जाळी क्लॅथ्रिनात टाकली जायची. २०१३ मध्ये क्लाउटाऊ आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि स्पिक्यूल एकत्र पाहून ती प्रजाती फोडली. आता क्लॅथ्रिनात ट्रायॲक्टिन असतात, सोबत डायॲक्टिन किंवा ट्रायपॉड असू शकतात, टेट्रॲक्टिन मात्र नसतात. टेट्रॲक्टिनवाल्या जाळ्या वेगवेगळ्या घरांत गेल्या. तुमच्यासाठी पाहण्याची गोष्ट एकच: टेट्रॲक्टिनची चौथी भुजा, जी नळीच्या आत डोकावते.

तिच्यावर काटे असतील आणि पृष्ठभागावर जाड, शंकूसारख्या भुजांचे, मधे उंचावलेले ट्रायपॉड असतील तर बोरोजेव्हिया. गुळगुळीत असेल आणि टेट्रॲक्टिन ट्रायॲक्टिनइतके किंवा त्याहून जास्त असतील तर अर्न्स्टिया. गुळगुळीत पण टेट्रॲक्टिन अगदी विरळ असतील तर आर्टुरिया. सुईसारखी फार बारीक चौथी भुजा आणि निदान वरच्या भागात सुट्या नळ्या असतील तर अस्कँड्रा.

चौथी भुजा स्लाइडवर सहसा थेट तुमच्याकडे रोखलेली असते, म्हणून फक्त एक ठिपका दिसतो आणि टेट्रॲक्टिनला ट्रायॲक्टिन समजून मोजलं जातं. उलट काही वेळा ती मुळाशीच तुटते. स्पिक्यूलच्या मध्यावर फोकस हळूहळू वर-खाली करा. ठिपका फोकससोबत सरकत राहिला तर ती भुजा आहे, तिथेच अंगठीसारखा राहिला तर तुटलेल्या भुजेचा खुंट. काट्यांसाठी एक नळी उभी चिरून, आतली बाजू वर करून पाहा. चौथ्या भुजा पोकळीत उभ्या राहिलेल्या दिसतात आणि काटे ४०० पटीवर कळतात. शंका राहिली तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

'कमी' म्हणजे किती, हेही मोजा. एकाच स्लाइडवर ओळीने १०० स्पिक्यूल घ्या, निवडून नाही, आणि प्रमाण लिहा.

डीएनए करणार असाल तर सीओआय या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकासाठीच्या नेहमीच्या प्रायमरवर वेळ घालवू नका. चुनेदार स्पंजांचं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए फार वेगळं आहे. क्लॅथ्रिना क्लॅथ्रसमध्ये ते गोल नसून अनेक रेषीय तुकड्यांत आहे आणि तिथला जनुकीय संकेतही बदललेला आहे. सर्वसाधारण प्रायमर चिकटत नाहीत, आणि पीसीआरमध्ये काही आलंच तर ते बहुतेकदा स्पंजात राहणाऱ्या दुसऱ्या जिवाचं असतं. इथे केंद्रकातल्या डीएनएचे पट्टे, आयटीएस आणि २८एसचा सी-भाग, वापरतात. या गटात नोंदीपुरता तेवढा पट्टा चांगला चालतो. नमुना ९५ टक्क्यांच्या पुढच्या अल्कोहोलमध्ये, नमुन्याच्या दहापट आकारमानात ठेवा आणि २४ तासांनी ते बदला. स्पंजातलं पाणी बाहेर येऊन अल्कोहोल पातळ होतं आणि डीएनए तुटायला लागतं.

उत्तर ६: छेद_आणि_थर

एक पुरवणी. कोणीतरी फॉर्मॅलिन सुचवेलच. बफर न केलेलं फॉर्मॅलिन काळाबरोबर आम्लधर्मी होतं आणि चुनेदार स्पंजाचे स्पिक्यूल बाटलीतच खाऊन टाकतं. बाहेरून आकार जसाच्या तसा, आत सांगाडा गायब. जुन्या संग्रहांतल्या नमुन्यात स्पिक्यूल सापडले नाहीत तर 'स्पिक्यूल नसलेली जात' लिहिण्याआधी बाटलीची चिठ्ठी वाचा.

रंगाचंही तसंच. (अ) चा पिवळा अल्कोहोलमध्ये फिकट तपकिरी होईल. पाण्याखाली फ्लॅश न वापरता काढलेल्या फोटोत तो हिरवट दिसतो, म्हणून फ्लॅशचा फोटो आणि वर आणल्याबरोबरचा फोटो, दोन्ही नमुन्याच्या क्रमांकासह ठेवा.

उत्तर ७: जनुक_आणि_जाळी

(अ) च्या नावाबद्दल थोडा आग्रह धरतो. चिठ्ठीवर सरळ 'ल्युसेटा चागोसेन्सिस' न लिहिता 'ल्युसेटा, चागोसेन्सिसशी तुलनीय' असं लिहा. या पिवळ्या स्पंजाच्या वेगवेगळ्या भागांतल्या नमुन्यांचं डीएनए तपासलं गेलंय आणि हिंदी-प्रशांत पट्ट्यात त्याचे एकमेकांपासून बरेच दुरावलेले वंश आढळले आहेत. स्पिक्यूल मात्र सारखेच दिसतात. एकाच नावाखाली आणखी जाती दडलेल्या असण्याची शक्यता आहे, आणि तुमच्या नोंदीत ठिकाण, खोली आणि जपलेला तुकडा असेल तरच पुढे कोणाला ते वेगळं करता येईल.

हीच काळजी (आ) बाबत घ्या. पांढऱ्या जाळीला क्लॅथ्रिना कोरियासिया आणि पिवळ्या जाळीला क्लॅथ्रिना क्लॅथ्रस म्हणण्याची जुनी सवय आहे. दोन्ही नावं मूळची युरोपीय किनाऱ्यांवरची आहेत. या अळ्या पाण्यात फार काळ तरंगत नाहीत, त्यामुळे एकच जात सगळ्या समुद्रांत असेल असं गृहीत धरायला आधार कमी. नाव लावण्याआधी वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर ते नाव सध्या कोणत्या प्रजातीत आहे आणि मूळ नमुना कुठला, हे दोन्ही पाहा.

रीफ_नोंदवही

(आ) ची नळी चिरून पाहिली. चौथ्या भुजेवर, टोकाच्या बाजूला, बारीक काटे आहेत. पृष्ठभागावर जाड भुजांचे ट्रायपॉडही आहेत. ओळीने १०० मोजले तर टेट्रॲक्टिन १७.

उत्तर ८: जनुक_आणि_जाळी

मग बोरोजेव्हिया. जातीसाठी ट्रायपॉड, ट्रायॲक्टिन आणि टेट्रॲक्टिन यांची मापं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, एकत्र सरासरी काढू नका. चौथ्या भुजेची लांबी आणि काटे भुजेच्या किती भागावर आहेत, हेही लिहा. ट्रायपॉड किती ठळक आहेत यावर या प्रजातीत जाती वेगळ्या होतात, तेव्हा त्यांचा एक फोटो वरून आणि एक बाजूने घ्या. बाजूने कलंडलेला ट्रायपॉड सुट्या स्लाइडवर शोधावा लागेल, पण सापडतो.